नायक आवडायलाच हवा का?

'कोसला' अर्ध्यात सोडलेले वाचक मला बरेच भेटतात. कारण बहुतेकदा एकच: "त्या पांडुरंगाचं काय करायचं? बापाचे पैसे उडवतो, अभ्यास करत नाही, वर सगळ्यांची टिंगल." तक्रार खोटी नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ सालच्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला येतो, होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होऊन गोत्यात येतो, नापास होतो आणि हात हलवत गावी परततो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. वापरणारा कुठे अडता कामा नये, हा आमचा धर्म. हल्ली नायकाकडूनही आपण तेच मागतो: तो 'रिलेटेबल' हवा. पण कादंबरी म्हणजे अ‍ॅप नव्हे. तिथे अडणं हेच वाचनाचं काम असू शकतं.

'कोसला'तली मेख अशी की गोष्ट पांडुरंगच सांगतो, आणि इतकी मजेशीर सांगतो की आपण हसत हसत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. मग धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते. कशालाच किंमत न देणाऱ्या या पोराचा टिंगलीचा सूर तिथे मोडतो. तो आधीपासून गुणी, हळवा असता, तर हे दुःख आपण गृहीतच धरलं असतं. इथे ते अंगावर येतं.

तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर तर त्याहून अवघड. टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, मारणारा. तो आवडावा अशी नाटकाची अपेक्षाच नाही. पण तो आपले नियम तोंडावर सांगतो, आणि आपल्याला सभ्य घरांतले न बोललेले नियम आठवू लागतात. माणूस कळणं वेगळं, त्याला माफ करणं वेगळं.

तरी एक हिशेब उरतोच. पांडुरंगाला वाया जाणं परवडतं, कारण मागे बापाचं घर आणि शेती आहे. त्याच्या जागी पोरगी असती, तर पहिल्या नापासीलाच स्थळं बघायला सुरुवात झाली असती. आणि तिच्या टिंगलीला आपण बंडखोरी म्हटलं असतं, की आगाऊपणा? नायक आवडायला हवा का, यापेक्षा नावडतं असण्याची मुभा आपण कुणाकुणाला देतो, हा प्रश्न मला जास्त छळतो.