धर्माचा ड्रॉपडाउन

मागे एकदा आमच्या टीमकडे नोंदणीच्या फॉर्मचं काम होतं. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि 'धर्म'. धर्माच्या ड्रॉपडाउनसाठी मी आधीच्या प्रोजेक्टमधली यादी उचलली: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, इतर. दोन मिनिटांचं काम. टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्याने सहज विचारलं, "ही यादी कुणी ठरवली?" मी म्हटलं, "जनगणनेत अशीच आहे." ते खरंच आहे. २०११च्या जनगणनेत या सहा धर्मांना १ ते ६ असे कोड होते. बाकीच्यांच्या धर्माचं नाव प्रगणकाने लिहून घ्यायचं, कोड मात्र द्यायचा नाही. पण 'जनगणनेत आहे' हे उत्तर 'आधीच्या प्रोजेक्टमध्ये होतं' याच्याच जातीचं. यादी आली कुठून, हे शोधताना मी तोमोको मासुझावा यांच्या 'द इन्व्हेन्शन ऑफ वर्ल्ड रिलिजन्स' (२००५) या पुस्तकापर्यंत पोचलो.

पुस्तक सोपं नाही. वाक्यं लांब, तळटीपा भरपूर. पण त्याचा मुद्दा एकदा कळला की शाळेतला 'जगातील प्रमुख धर्म' हा तक्ता पुन्हा तसा दिसत नाही. मासुझावा सांगतात की युरोपात १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणसांचे चारच गट पाडले जात: ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान आणि उरलेले सगळे मूर्तिपूजक. म्हणजे 'इतर' तेव्हाही होतं आणि आपल्यातले बहुतेक जण त्यातच होते.

मग संस्कृत आणि पाली हस्तलिखितं युरोपात पोचली. १८४४ साली पॅरिसमध्ये युजीन ब्युर्नुफ याचा भारतीय बौद्ध धर्मावरचा ग्रंथ आला आणि श्रीलंका, तिबेट, जपान इथल्या वेगवेगळ्या परंपरांकडे एकाच धर्माच्या शाखा म्हणून पाहणं तिकडे रुळत गेलं. त्याच काळात भाषांची कुळं लावली जात होती. मॅक्स म्युलरने तीच कुळं धर्मांना लावून पाहिली: आर्य, सेमिटिक, तुराणी. टीले या डच विद्वानाने 'एका राष्ट्राचे धर्म' आणि 'जगाचे धर्म' असा भेद केला. जगाचे धर्म तीनच: बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम. क्युनेन या दुसऱ्या डच अभ्यासकाला १८८२ सालच्या व्याख्यानांमध्ये त्यातला इस्लामही खऱ्या अर्थाने वैश्विक वाटला नाही. पुढे यादी उदार होत गेली. १८९३ सालच्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत दहा धर्मांना स्थान होतं. मासुझावांचं म्हणणं असं की यादी वाढली, पण मोजपट्टी बदलली नाही. सगळे धर्म समान, असं म्हणतानाही धर्म म्हणजे काय, हे ख्रिस्ती नमुन्यावरूनच ठरत राहिलं.

हे पटायला आपल्या तक्त्याचे रकाने पुरेसे आहेत. संस्थापक, स्थापनेचा काळ, पवित्र ग्रंथ. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर हा स्कीमा एका धर्मासाठी बनला आणि बाकीचे त्यात कोंबले गेले. हिंदू धर्माच्या ओळीत 'संस्थापक' रिकामा. जैनांच्या ओळीत बरेचदा महावीर लिहिलेलं असतं, पण जैन परंपरेत ते चोविसावे तीर्थंकर; सुरुवात त्यांच्यापासून होतच नाही. इस्लामच्या ओळीत सातवं शतक असतं, पण श्रद्धावान मुसलमानाच्या दृष्टीने आदम हाच पहिला पैगंबर. जरथुष्ट्राच्या काळाबद्दल अभ्यासकांच्या अंदाजांमध्ये हजारभर वर्षांचा फरक पडतो. शीख धर्माची तारीख कोणती? १४६९ मधला नानकांचा जन्म, १६०४ मधलं आदिग्रंथाचं संकलन की १६९९ मधली खालसाची स्थापना? सॉफ्टवेअरला व्हर्जन १.० असतं, कारण कुणीतरी ते ठरवून रिलीज करतं. धर्माची रिलीज डेट बहुतेक वेळा मागाहून ठरते आणि कोण ठरवतंय, यावर ती बदलते.

इथपर्यंत मी मासुझावांच्या बाजूने आहे. माझी तक्रार पुढची आहे. हे पुस्तक युरोपातल्या ग्रंथालयांतून बाहेर येत नाही. मर्यादा त्यांनी स्वतःच आखून घेतली आहे, हे मान्य. पण तिचा परिणाम असा होतो की पुस्तक मिटल्यावर एक सोयीचा निष्कर्ष हातात उरतो: हे वर्गीकरण साहेबांनी बनवलं, म्हणून ते खोटं. आपल्याकडे हा निष्कर्ष फार पटकन उचलला जातो. ज्यांचं वर्गीकरण झालं, त्यांनी त्या रकान्यांचं काय केलं, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याचं उत्तर महाराष्ट्राकडे आहे.

१९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की जन्म हिंदू म्हणून झाला तरी मरण हिंदू म्हणून येणार नाही. प्रत्यक्ष धर्मांतर झालं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधली २१ वर्षं. आता मासुझावांच्या चष्म्यातून पाहा: ज्या 'बौद्ध धर्मा'ची मांडणी युरोपीय पंडितांनी पोथ्यांवरून केली, त्या अभ्यासाचा मोठा भाग बाबासाहेबांनी वाचला होता. पण त्यांनी तो रकाना तयार मिळाला तसा घेतला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये आला. त्यात उगमाची गोष्टच वेगळी आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. त्यांचा सिद्धार्थ बाहेर पडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादातून, युद्धाला विरोध केल्यामुळे. शिवाय 'रिलिजन' आणि 'धम्म' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते मांडतात: एक खाजगी, दुसरा सामाजिक, एकाच्या केंद्रात देव, दुसऱ्यात देवाच्या जागी नीती. म्हणजे रकान्यात शिरतानाच त्यांनी रकान्याची व्याख्या बदलायला घेतली.

आणि रकाना महत्त्वाचा होता. १९५१च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये सुमारे २८ लाख. या नोंदीची किंमत होती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख त्यात आले, बौद्ध मात्र थेट १९९० मध्ये. मधल्या काळात फॉर्मवर 'बौद्ध' लिहिणं म्हणजे केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणं. ज्याने तेव्हा तो शब्द लिहिला, त्याला ती वर्गवारी वसाहतकाळातली आहे, हे समजावून सांगण्यात काय अर्थ आहे?

आज हाच प्रश्न झारखंडमध्ये उभा आहे. ब्रिटिश जनगणनांमध्ये आदिवासींच्या श्रद्धांना 'ॲनिमिस्ट' म्हणत. शब्द हिणवणाराच होता, पण रकाना होता. स्वातंत्र्यानंतर तो गेला. २०११ मध्ये सुमारे ४९ लाख लोकांनी स्वतःहून 'सरना' असं लिहून दिलं. जैनांची नोंद तेव्हा ४५ लाखांच्या जवळ होती. जैनांना कोड आहे, सरनाला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने स्वतंत्र सरना कोडसाठी ठराव केला. चौकटी कशा बनावट आहेत, हे विद्यापीठांमध्ये सिद्ध होत असताना या माणसांची मागणी आहे: आम्हाला एक चौकट द्या. ती मासुझावांच्या विरोधात जाते, असं मला वाटत नाही. पण त्यांच्या पुस्तकात तिला जागाही नाही. वर्गीकरण कुठून आलं, हे सांगणारी टीका आवश्यक आहे. ते आज कुणाच्या कामाचं आहे आणि कुणाला वगळतं, हे न विचारणारी टीका अर्धी आहे.

आमच्या फॉर्मचं पुढे काय झालं? मी 'इतर'समोर लिहायला मोकळी जागा ठेवली आणि समाधानाने कोड पुढे पाठवला. महिन्याभराने रिपोर्ट पाहिला. लोकांनी त्या जागेत बरंच काही लिहिलं होतं. रिपोर्टमध्ये मात्र त्या सगळ्यांची मिळून एकच ओळ होती: इतर. ती ओळ तयार करणारी क्वेरी मीच लिहिली होती.