कसोटी कोणाच्या मनाची?

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाविरुद्ध आलेली तक्रार कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचा आहे असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. तक्रार ही देखील एक टीकाच होय. फरक एवढाच की, ती दुखावलेल्या मनाने लिहिलेली असते. म्हणून तिचा निकाल देणाऱ्याच्या अंगी रसिकता आणि न्यायबुद्धी दोन्ही असावी लागतात.

या बाबतीत ‘तमस’चे उदाहरण आजही बोधप्रद आहे. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली ही मालिका १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर दाखविली जाऊ लागली. फाळणीच्या वेळच्या दंगलींचे हे चित्रण जमातींमधील वैर भडकवील, सबब ते थांबवावे, अशी मागणी न्यायालयापुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन व सुजाता मनोहर यांनी ती मालिका आधी समग्र पाहिली आणि मगच मागणी फेटाळली. मूळ कागद न उघडता केवळ वरच्या टिपणीवर निकालात निघालेल्या नस्त्या आम्हां कारकुनांच्या परिचयाच्या आहेत. म्हणून या साध्या गोष्टीचे मोल आम्हांस अधिक वाटते.

पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. त्यासाठी स्वीकारलेली कसोटी मूळची नागपूरची: विव्हियन बोस यांनी तेथील उच्च न्यायालयात ती एका मुद्रित मजकुरासंबंधी सांगितली होती. परिणाम पाहावा तो विवेकी, खंबीर आणि धीट माणसावरचा. डळमळीत मनाच्या किंवा जेथे तेथे शत्रुत्व हुंगणाऱ्या माणसावरचा नव्हे. पशुवैद्याला हवे आहे असे सांगून नथूकडून डुक्कर मारविले जाते आणि तेच मशिदीच्या पायरीवर सापडते. एवढाच तुकडा पाहिला तर तो चिथावणीचा वाटेल. समग्र कृतीत मात्र चिथावणी कशी रचली जाते याचेच ते दर्शन आहे.

परंतु ही कसोटी वृत्तास लावू गेल्यास ती अपुरी पडते. नाटकातील सर्व सामग्री प्रेक्षकासमोर असते. बातमीतून काय गाळले, हे कितीही खंबीर प्रेक्षकाला दिसत नाही. तेथे कोण दुखावले हे गौण. सांगितले ते खरे होते काय आणि दुसऱ्या पक्षाला बोलू दिले होते काय, हेच मुख्य. २०२१ च्या नियमांनी तक्रार प्रथम खुद्द वाहिनीकडे, नंतर वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे आणि अखेर केंद्र शासनाकडे, अशा तीन पायऱ्या घातल्या. वाहिनीस पंधरा दिवसांची मुदतही दिली.

पायऱ्या आणि मुदती ठरल्या, हे चांगलेच झाले. पण ज्याची तक्रार त्यानेच पहिला निकाल द्यावयाचा, तर त्या निकालात कारणे तरी स्पष्ट असली पाहिजेत. कलाकृतीस धीट प्रेक्षकाची कसोटी आणि वृत्तास सत्याची कसोटी, हा विवेक सुटला की भित्र्यांच्या तक्रारीने कलाकृती बंद पडतील आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याची तक्रार नस्तीतच राहील.