फोटोतलं ‘नाही’

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. फोटोत एखादी वस्तू दिसत नाही, तेव्हा ‘ती तिथं नव्हती’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

४ मे १९७०. अमेरिकेतलं केंट स्टेट विद्यापीठ. युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डच्या जवानांनी गोळीबार केला, चार विद्यार्थी मारले गेले. जॉन फिलो या विद्यार्थ्यानं टिपलेला फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पालथा पडलेला तरुण आणि त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून आक्रोश करणारी १४ वर्षांची मुलगी. फोटोला पुलित्झर मिळालं. मूळ फोटोत मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब आहे, अगदी डोक्यातून उगवल्यासारखा. ‘लाइफ’ मासिकानं १९९५ मध्ये हा फोटो छापला, त्यात खांब नव्हता. कुणा अनामिक हातानं तो आधीच पुसला होता.

तुम्ही म्हणाल, सर, खांब गेला तर बिघडलं काय? मुलगी खरी, मृत्यू खरा. बरोबर आहे.

मग दुसरा फोटो बघा. २०१३, सीरिया. नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी लढाईतल्या एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यांनी सॉफ्टवेअरनं पुसला. पुढे स्वतःच कबुली दिली. असोसिएटेड प्रेसनं २०१४ च्या जानेवारीत त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे जवळजवळ ५०० फोटो सार्वजनिक संग्रहातून काढायचं ठरवलं. बाकीच्या फोटोंत फेरफार सापडला नव्हता, तरीही! अनेकांना ही शिक्षा अतिरेकी वाटली. मला तिच्यामागचा तर्क पटतो. का, ते सांगतो.

आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? तो दिसत नाही म्हणून. पण अंधाऱ्या खोलीतही घट दिसत नाही! म्हणून त्यांनी अट घातली: असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. ही ‘योग्य’ अनुपलब्धी. एवढ्याशा अटीवर ‘नाही’ या शब्दाचं सगळं वजन उभं आहे.

फोटोची पत याच अटीवर उभी होती. चित्रकार त्याला नको ते रंगवत नाही. त्याच्या चित्रात झाड नाही म्हणून बागेत झाड नव्हतं, असं आपण म्हणत नाही. कॅमेरा मात्र चौकटीत येईल ते घेतो. चौकटीत असतं तर दिसलं असतं, ही त्याची हमी. खांब पुसणारा खांबाबद्दल खोटं बोलतो, हे किरकोळ आहे. तो ही हमी मोडतो, आणि ती एका फोटोपुरती मोडत नाही. आता बाकीच्या ५०० फोटोंचा हिशेब लागतो ना?

कुणी विचारेल, कडा कापतो तेव्हा आपण वगळतोच की. हो, पण कापलेला फोटो चौकटीबाहेरचं काहीच सांगत नाही. तो गप्प बसतो. पुसलेला फोटो गप्प बसत नाही. सॉफ्टवेअर आजूबाजूचे ठिपके घेऊन तिथं भिंत, गवत, आकाश भरतं. म्हणजे ‘इथं गवत होतं’ अशी साक्ष देतं, न पाहिलेल्या जागेची.

आता हे काम फोनवर बोटानं होतं. सहलीच्या फोटोतला परका माणूस पुसलात तर मी भांडायला येणार नाही. (हशा) पण उद्या नदीकाठाचा स्वच्छ फोटो दाखवून कुणी म्हणालं, ‘बघा, राडारोडा नाही’, तर आपण काय म्हणणार? आणि ज्यानं प्रामाणिकपणे काठ साफ केला, त्याच्यावर तरी कोण विश्वास ठेवणार? त्याचं नुकसान जास्त.

आणखी एक. ‘नको असलेलं’ म्हणजे कुणाला नको असलेलं? लग्नाच्या अल्बममधून पंगतीमागे खरकटं उचलणारी बाई पुसली जाते, नवरदेवाचे मामा नाही. पन्नास वर्षांनी अल्बम उघडणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी खरकटं कुणी उचललंच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: घरचा फोटो पुसायचा तर पुसा, पण मूळ प्रत जपा. बातमीतला फोटो असेल, तर खांबसुद्धा राहू द्या.