कोकण रेल्वे : सार्वजनिक नेतृत्वाच्या मूल्यमापनाचा प्रश्न

१९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाच्या यशाचे श्रेय प्रामुख्याने ई. श्रीधरन यांच्या व्यक्तिमत्त्वाला दिले जाते. हे विवेचन अपुरे आहे. केंद्र व चार राज्यांचे भागभांडवल, रोख्यांतून उभारलेला निधी आणि महामंडळाला लाभलेली स्वायत्तता यांमुळेच ते नेतृत्व फलद्रूप झाले. १९९८ मध्ये रोहा ते मंगळूर हा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. तथापि २००३ मध्ये वैभववाडीजवळ व २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींमुळे गाड्या घसरून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर दरडप्रवण भागातील संरक्षक कामांवर अधिक भर द्यावा लागला. म्हणूनच उद्घाटनाचा दिवस हा नेतृत्वाचा अंतिम निकष ठरत नाही. सार्वजनिक निधीचा हिशेब प्रवाशांच्या सुरक्षिततेतही द्यावा लागतो.