साक्ष आणि भाष्य : फ्रेडरिक डग्लसची दोन आत्मकथने

फ्रेडरिक डग्लसचे पहिले आत्मकथन १८४५ मध्ये बोस्टनहून प्रसिद्ध झाले. त्यात मूळ मजकुरापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाचकाला दोन उंबरे ओलांडावे लागतात : विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र. दोघेही गोरे, दोघेही गुलामगिरी-निर्मूलनाच्या चळवळीतील अग्रणी. लेखन डग्लसचे स्वतःचेच आहे आणि हकिकत खरी आहे, याची ते ग्वाही देतात. गुलामांच्या आत्मकथनांचा हा रूढ संकेतच होता. दक्षिणेतील न्यायालयांत गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष ग्राह्य नसे. चळवळीने ती छापील पानावर ग्राह्य धरली, परंतु गोऱ्या जामिनाच्या आधारावर.

साक्षीदाराची मर्यादाही ठरलेली होती. घडले ते त्याने सांगावे, अर्थ इतरांनी लावावा. व्यासपीठावर आपण विचार मांडू नयेत, बोलण्यात मळ्यावरच्या भाषेची थोडी छटा राहू द्यावी, असे सहकारी सुचवीत, ही नोंद डग्लसने १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनात केली आहे. फार विद्वत्तेने बोलणारा हा मनुष्य कधी काळी गुलाम होता, हे श्रोत्यांना पटणार नाही, ही त्यांची धास्ती.

वस्तुतः १८४५ च्या संहितेतच ही मर्यादा ओलांडली गेली आहे. गुलामांच्या गाण्यांविषयीचा मजकूर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ही गाणी समाधानाची खूण मानणाऱ्यांचा भ्रम डग्लस दूर करतोच. शिवाय त्या वर्तुळाच्या आत असताना आपल्यालाही त्यांचा अर्थ उमगला नव्हता, असे सांगतो. म्हणजे अनुभव आणि आकलन यांत तो अंतर ठेवतो. केवळ साक्षीदाराला असे अंतर परवडत नाही. दुसरी जागा मौनाची. १८३८ मध्ये आपण कसे निसटलो, हे सांगण्याचे तो नाकारतो, कारण त्यामुळे मागे राहिलेल्यांची वाट बंद झाली असती. तो तपशील त्याने १८८१ मध्ये, तिसऱ्या आत्मकथनात उघड केला. पुराव्यासाठी आतुर असलेल्या वाचकाला लेखकाने येथे दाराबाहेर थांबविले आहे.

१८५१ मध्ये राज्यघटनेच्या अर्थावरून डग्लसचे गॅरिसनशी बिनसले. १८५५ च्या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय वैद्याची. हा ग्रंथ पसरट, वक्तृत्वपूर्ण वाटतो, तर पहिला आटोपशीर म्हणून अधिक वाचला जातो. मात्र या पसंतीत जुनी अपेक्षा दडलेली नाही ना, हे तपासले पाहिजे. (दलित आत्मकथनांना 'अस्सल अनुभव' म्हणून गौरविणाऱ्या मराठी समीक्षेलाही हा प्रश्न टाळता येणार नाही.) दुसऱ्या ग्रंथाचा पसरटपणा हा बव्हंशी भाष्याचा विस्तार आहे.

हॅरिएट जेकब्जच्या वाट्याला हाच संकेत अधिक कठोरपणे आला. तिने हॅरिएट बीचर स्टोवकडे साहाय्य मागितले, तेव्हा स्टोवने तिची कहाणी स्वतःच्या पुस्तकात घालण्याची तयारी दाखविली आणि तिच्या खरेपणाची चौकशी केली ती जेकब्ज जिच्या घरी नोकरीला होती त्या बाईंकडे. अखेर १८६१ मध्ये आत्मकथन टोपणनावाने निघाले, संपादिका म्हणून लिडिया मारिया चाइल्डचे नाव घेऊन. पुढे दीर्घकाळ ते चाइल्डनेच रचलेली कादंबरी असावी असा समज राहिला. जीन फेगन येलिनने जेकब्जच्या पत्रांच्या आधारे तिचे कर्तृत्व सिद्ध करणारी आवृत्ती काढली, ती १९८७ मध्ये.