अपंगांची आत्मकथने आणि नेतृत्वाचा प्रश्न : ‘चाकाची खुर्ची’च्या निमित्ताने

१९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी समीक्षेला वाचनाची एक नवी सवय लावून घ्यावी लागली. आत्मकथनातील ‘मी’च्या दुःखाचे कारण त्या ‘मी’मध्ये न शोधता गावगाड्यात आणि जातिव्यवस्थेत शोधायचे, ही ती सवय. मराठवाड्याला तर ती अधिक जवळची, डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहूनच (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघत असे. अपंग व्यक्तींच्या आत्मकथनांकडे वळताना मात्र हीच समीक्षा ती सवय विसरते, असे दिसते. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे याचे ठळक उदाहरण होय.

मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकाचा उल्लेख होतो तो बहुधा ‘जिद्द’, ‘दुर्दम्य इच्छाशक्ती’, ‘प्रेरणादायी’ या ठरलेल्या शब्दांत. ‘बलुतं’ला कोणी जिद्दीची कहाणी म्हटले, तर आपल्याला ते खटकेल. येथे ते खटकत नाही. व्यक्तीच्या मनोबलाचे कौतुक केले की जिने, कचेऱ्या, बसगाड्या आणि स्वच्छतागृहे बांधणाऱ्या समाजाला काही विचारावे लागत नाही, हे त्यामागचे कारण असावे.

वास्तविक पुस्तकाचे शीर्षकच अशा वाचनाला विरोध करते. ‘चाकाची खुर्ची’ हे कोणत्याही सद्गुणाचे नाव नाही. ते एका साधनाचे, तेही घरगुती मराठीतले, नाव आहे. माणूस हिंडूफिरू शकतो तो खुर्चीला चाके आहेत म्हणून, आणि ती चाके अडतात तेथे इच्छाशक्तीचा उपयोग मर्यादितच. इंग्रजीत हीच कहाणी ‘नसीमा : द इनक्रेडिबल स्टोरी’ या नावाने गेली. साधनाच्या जागी नवल आले! शीर्षकातील हा बदल किरकोळ मानता येणार नाही.

कथनाच्या प्रारंभी वाट्याला येणारे अपंगत्व आणि नैराश्य या भागाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. प्रस्तुत अभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटते ती बाबूकाका दिवाण यांची भेट. स्वतः अपंगत्व भोगणारे, तरीही स्वतःची मोटार स्वतः चालवून व्यवसाय सांभाळणारे हे गृहस्थ त्या तरुणीला केवळ धीर देत नाहीत. जगण्याची व्यवस्था कशी लावता येते, याचे प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवतात. नेतृत्वाची ही परंपरा एका अपंग व्यक्तीकडून दुसरीकडे आलेली आहे, डॉक्टर किंवा दाता यांच्याकडून नव्हे. पुढे केंद्रीय अबकारी खात्यातील नोकरी आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ हा प्रवास याच धाग्याने वाचावा लागतो. संस्थेच्या नावात ‘मदतनीस’ आणि ‘अपंग’ असे दोन पक्ष दिसतात. परंतु स्वतः नसीमाताई आणि गायिका रजनी करकरे-देशपांडे यांच्यासारखे मदतनीसच अपंग होते. नाव जुन्या दयाबुद्धीचे आणि आशय नव्या काळाचा, अशी ही विसंगती आहे. उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काजूप्रक्रियेचा ‘स्वप्ननगरी’ प्रकल्प हे त्या आशयाचेच विस्तार होत.

तथापि संस्था उभारणारे नेतृत्व आणि हक्क मागणारे नेतृत्व यांत फरक करावाच लागेल. पहिल्याला देणगीदाराचे ऋण मानावे लागते. दुसऱ्याला शासनाशी भांडावे लागते. दिल्लीत जावेद अबिदी यांनी दुसरा मार्ग धरला. १९९५चा अपंग व्यक्ती अधिनियम व्हावा आणि २००१च्या जनगणनेत अपंगांची नोंद घेतली जावी, यासाठी झालेल्या आग्रहात त्यांचा वाटा मोठा होता. २०१६च्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्के केले आणि भेदभावाला कायद्याच्या कक्षेत आणले. महाराष्ट्रात बच्चू कडू यांच्या ‘प्रहार’ने रस्त्यावर उतरून हा विषय मांडला, आणि २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा झाली. (‘दिव्यांग’ हा शब्द येथे विभागाच्या नावापुरताच वापरला आहे. ज्याला दिव्यत्व बहाल केले, त्याला रॅम्प मागण्याचे कारण काय, अशी सोय त्या शब्दात आहे.)

या दोन मार्गांच्या मधोमध सोनाली नवांगुळ उभ्या आहेत. बत्तीस शिराळ्याच्या या लेखिका काही वर्षे ‘हेल्पर्स’मध्ये राहिल्या आणि नंतर तेथून बाहेर पडून कोल्हापुरातच स्वतंत्रपणे राहू लागल्या. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी त्यांना २०२०चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांचे बाहेर पडणे हे संस्थेचे अपयश नव्हे. माणसाला बाहेर पडण्याचे बळ यावे, हेच अशा संस्थेचे फलित मानायला हवे. २०१६च्या अधिनियमाचे ५वे कलम समाजात राहण्याचा जो हक्क सांगते, तो याहून वेगळा नाही. नसीमाताईंचे पुस्तक त्या हक्काची भाषा वापरो वा न वापरो, तिची पूर्वतयारी त्यात आहे. म्हणूनच ते वसतिगृहाच्या यशोगाथेपाशी थांबवणे हा त्यावर अन्याय ठरतो.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६३ लक्ष अपंग व्यक्ती होत्या. ३ डिसेंबरला ठिकठिकाणी जागतिक अपंग दिन साजरा होतो; व्हीलचेअरवरच्या वक्त्याला चौघे उचलून व्यासपीठावर नेतात, टाळ्या पडतात आणि व्यासपीठाला उतार का नाही, हे कोणी विचारत नाही. पाचोडसारख्या गावात हा प्रश्न अधिक ठोस होतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावा, असे शासनाचे धोरण आहे. तो निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे, आणि उभे राहता येत नसेल तर बसून विचारणे, हे नेतृत्व ‘चाकाची खुर्ची’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवता येते. त्यासाठी वर्गात पहिला प्रश्न लेखिकेच्या धैर्यावर न विचारता कोल्हापूरच्या पायऱ्यांवर विचारावा लागेल, आणि दुसरा आपल्या महाविद्यालयाच्या.