स्वस्त ध्वनिमुद्रिका आणि संगीतसमीक्षेचे माप

अभिजात संगीताच्या मराठी समीक्षेने ध्वनिमुद्रिकेकडे दीर्घकाळ मैफलीची सावली म्हणूनच पाहिले. मैफल हे मूळ आणि तबकडी ही तिची अपुरी नक्कल, ही भूमिका इतकी रूढ होती की ती मांडण्याचीही कोणास गरज वाटली नाही. त्यात ती तबकडी किंवा ध्वनिफीत कमी किमतीची असली, म्हणजे तिच्याविषयी गांभीर्याने लिहिणे हे समीक्षकास कमीपणाचे वाटावे, हे ओघानेच आले. परंतु १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या, ख्याल आणि ठुमरी उपनगरांतील दुकानांतून विकत मिळू लागली, आणि या उपेक्षेमागे विचारापेक्षा सवयीचाच भाग अधिक होता हे उघड झाले.

स्वस्ताईची प्रतवारी मात्र तेव्हा जन्मास आलेली नव्हे. १९०२ साली गायस्बर्गने कलकत्त्यास गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले, आणि पुढील काही दशकांतच तबकडीवरील कागदाचा रंग व नाव हे गायकाच्या बाजारमूल्याचे निदर्शक बनले. ग्रामोफोन कंपनीची 'हिज मास्टर्स व्हॉइस' ही मुख्य मुद्रा, तर 'ट्विन' ही तिचीच कमी किमतीची शाखा. मुंबईत १९३५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'यंग इंडिया' या देशी मुद्रेनेही अल्पपरिचित कलावंतांना जागा दिली. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, तबकडीचे द्रव्य तेच, फिरण्याचा वेग तोच आणि साधारण तीन मिनिटांची मर्यादाही तीच होती. किमतीत फरक पडे तो नावाचा. अर्थात स्वस्त तबकडी म्हणजे हीन संगीत हे समीकरण विक्रेत्याचे होते. समीक्षेने ते तपासल्यावाचून उसने घेतले.

फिलिप्सने १९६३ मध्ये प्रचारात आणलेली कॅसेट भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती १९८० च्या आसपास, आखाती देशांतून परतणाऱ्यांनी आणलेल्या 'टू-इन-वन' यंत्रांबरोबर. त्यानंतर 'सुपर कॅसेट्स'सारख्या नव्या संस्थांनी किमती पाडल्या आणि ग्रामोफोन कंपनीची जुनी मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे. पण त्यांचा भर लोकप्रिय व प्रादेशिक संगीतावर आहे, आणि तो योग्यच होता. कारण स्वस्ताईची जी युक्ती चित्रपटगीतांस लागू पडली ती ख्यालास लागू पडणारी नव्हती. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेऊन जुने लोकप्रिय गीत दुसऱ्या गळ्याकडून गाऊन घेता येई. मारव्याच्या बाबतीत असे काय करणार? अमीर खाँ यांचा १९६० च्या सुमारास दीर्घमुद्रिकेवर आलेला मारवा अन्य कोणी 'पुन्हा गाईल' तर ती वेगळी कृतीच होईल. ख्यालात चीज ही केवळ निमित्त असते. कृती घडते ती गायकाच्या विस्तारात.

हाच मुद्दा पाश्चात्त्य उदाहरणाशी ताडून पाहिला असता अधिक स्पष्ट होतो. १९८७ मध्ये हाँगकाँग येथे क्लाउस हायमान यांनी सुरू केलेल्या 'नॅक्सॉस'ने फारशा नामांकित नसलेल्या वाद्यवृंदांकडून बीथोव्हेन, मोझार्ट यांच्या रचना वाजवून घेऊन त्या अल्प किमतीत विकल्या. आरंभी तेथील समीक्षकांनी नाके मुरडली. पुढे त्यांतील कित्येक मुद्रणांची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. हा पालट शक्य झाला, कारण समीक्षकापुढे स्वरलिपीत बांधलेली एकच संहिता होती आणि महाग व स्वस्त या दोन्ही वादनांस तिच्याच मापाने मोजता येत होते. हिंदुस्थानी संगीताच्या समीक्षकास हे माप उपलब्ध नाही. त्यामुळे तो मापासाठी मैफलीच्या आठवणीकडे वळतो, आणि ती आठवण ज्याच्यापाशी असेल त्याच्याच हाती न्यायनिवाडा जातो.

येथे श्रोत्याच्या भूगोलाचा विचार अपरिहार्य ठरतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर अंतरावर आहे. दादरच्या किंवा गिरगावच्या मैफलीत मध्यरात्रीनंतर दरबारी रंगात येत असे, तेव्हा या तीन गावांच्या रसिकाचे अर्धे लक्ष शेवटच्या गाडीकडे असे. मैफल पुरती ऐकावयाची तर पहाटेपर्यंत फलाटावर बसण्याची तयारी हवी. (या मार्गावरील रसिकांचे भाग्य असे की गजाननबुवा जोशी उत्तरायुष्यात डोंबिवलीस राहिले, परंतु एका गुरूच्या सान्निध्याने मैफलींची वाण भरून निघत नाही.) पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकावर निर्बंध आणले आणि रात्रभर चालणाऱ्या मैफली सर्वत्रच आक्रसल्या. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेस ऐकण्याची सोय मुख्यतः ध्वनिमुद्रणातच उरली. जी अडचण पूर्वी बदलापूरकराची होती ती आता दादरकराचीही झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

उल्हासनगरचे स्थान यात काहीसे निराळे. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीस १९४९ मध्ये हे नाव मिळाले. तिच्या बाजारपेठेची ख्याती स्वस्त मालाविषयी. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्या विनोदामागे जे गृहीत आहे तेच स्वस्त ध्वनिफितीविषयीच्या नापसंतीमागेही आहे: जे स्वस्त ते नकली. वस्तुतः नकली प्रत आणि कमी किमतीची अस्सल प्रत या भिन्न गोष्टी होत. पहिलीत कलावंताचा हक्क बुडतो, दुसरीत नाही. समीक्षेने हा भेद काटेकोरपणे केला असता, तर चोरट्या प्रतींचा निषेध अधिक जोरकस झाला असता आणि प्रामाणिक स्वस्त प्रकाशनांस न्यायही मिळाला असता.

मूळ प्रश्न समीक्षकाच्या अधिकाराचा आहे. 'एकलव्य' या नावाने केशवराव भोळे यांनी समकालीन गायकांवर लिहिले, तेव्हा त्यांचे लेखन वाचणाऱ्या बहुसंख्य वाचकांस त्या गायकांच्या मैफली ऐकावयास मिळणे दुरापास्तच होते. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने १९६१ मध्ये घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान केली. किराणा स्वराच्या टोकाजवळ, आग्रा लयीच्या टोकाजवळ, जयपूर समतोलाच्या मध्यावर. सिद्धान्त म्हणून ही मांडणी आजही विचारप्रवर्तक आहे. परंतु तिचा पडताळा पाहावयास वाचकापाशी साधन कोणते होते? अल्लादिया खाँ यांचे गाणे तबकडीवर आलेच नाही. केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिका मोजक्या. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले, आणि त्यांची झिंझोटी व भैरवी उरली ती तबकडीच्या तीन मिनिटांत. स्वस्त पुनर्मुद्रणांनी ही सामग्री सामान्य वाचकाच्या घरात आणली. अंबरनाथचा एखादा शिक्षक आता देशपांड्यांचे पान उघडून, शेजारी यंत्र लावून, 'किराण्यात लयीचे अंग गौण' हे विधान खाँसाहेबांच्या सरगमीच्या तानांशी ताडून पाहू शकला. त्याला ते पटले असेल वा नसेल. तपासता आले हे महत्त्वाचे. समीक्षेचे विधान प्रथमच खंडनयोग्य झाले. या दृष्टीने पाहता स्वस्त ध्वनिफितीविषयी समीक्षकांत दिसणाऱ्या अनास्थेमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा अधिकारहानीची शंका अधिक असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

याचा अर्थ या प्रकाशनांत दोष नव्हते असा नाही. तासाभराच्या फितीची एक बाजू तीस मिनिटांची. विलंबित ख्याल त्यात बसविताना द्रुताचा शेवट हळूहळू विरवून टाकण्याची रीत पडली, आणि तिहाई ऐकण्यापूर्वीच गाणे संपू लागले. हलक्या फितीच्या खरखरीत प्रथम बळी जातो तो तंबोऱ्याचा. आणि तंबोरा बुडाला की किराण्याच्या गायकाचा षड्‌ज केवळ उंच स्वर म्हणून ऐकू येतो, त्याचा विसावा जाणवत नाही. जुन्या तबकड्यांचे फिरण्याचे वेग एकसारखे नव्हते. पुनर्मुद्रणात तो वेग चुकला तर पट्टी चढते, आवाजाची जात पालटते, आणि गायकाविषयी पुढे होणारी सर्व विधाने त्या चुकीवर उभी राहतात. हे दोष यंत्राचे आहेत आणि त्यांची चर्चा यंत्राच्या भाषेतच व्हावयास हवी. त्यांवरून गायकाच्या पेशकारीविषयी निष्कर्ष काढणे हा प्रकारभेदाचा घोटाळा होय.

याहून गंभीर दोष फितीवर नसून वेष्टनावर आहे. कित्येक स्वस्त प्रकाशनांवर रागाचे नाव आणि गायकाचे छायाचित्र यांपलीकडे काहीच नसते: मुद्रणाचे वर्ष नाही, तबलजी व हार्मोनियमवादक यांची नावे नाहीत, मैफल की ध्वनिमुद्रणगृह याचा उल्लेख नाही. पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाउसने शरच्चंद्र आरोलकरांसारख्या, मोठ्या कंपन्यांच्या गणतीत फारसे नसलेल्या गवयाचे गाणे फितीवर आणले. पुढे 'म्युझिक टुडे'च्या 'मॅस्ट्रोज चॉइस' मालिकेने टिपणे जोडून वेष्टनाचा दर्जा उंचावला, परंतु ती मालिका स्वस्त नव्हती. माहिती ही महागड्या आवृत्तीची शोभा ठरली आणि स्वस्त आवृत्तीच्या ग्राहकास ती नको आहे असे गृहीत धरले गेले. वर्ष छापावयास शाई किती लागते? मल्लिकार्जुन मन्सूर यांचे १९३० नंतरच्या दशकातील तबकड्यांवरील गाणे आणि उतारवयातील गाणे यांत अर्धशतकाचे अंतर आहे. दोन्ही एकाच फितीवर वर्षाविना आली, तर विद्यार्थी त्यांतील वाढ पाहील कशी? घराण्याच्या अभ्यासात प्रश्न नेमका वाढीचा असतो, आणि तो अभ्यास ज्यांना या फितींवरच करावयाचा आहे ते विद्यार्थी आज कल्याणच्या पलीकडेच अधिक आहेत. त्यांनी एखाद्या मुद्रणाचा काळ ठरविताना तबल्याचा नाद, मात्रांची संथ गती आणि स्वरपट्टी यांवरून अनुमान करावयाचे आणि ते वहीत नोंदवावयाचे, एवढाच मार्ग तूर्त शिल्लक आहे.